जांभळाच्या बाकावरचा काळा डाग

वादळात पडलेलं जांभळाचं झाड तोडून ट्रकमध्ये भरत होते. मी पोचलो तेव्हा फक्त बुंध्याकडचा ओंडका उरला होता, कवेत न मावणारा. तोही सरपणालाच जाणार होता. मी मागून घेतला.

आरागिरणीवाले काका शहरातलं खोड म्हटल्यावर आधी नाहीच म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. रस्त्याकडेच्या झाडांना लोक पाट्या ठोकतात, तारा बांधतात. झाड वर्षागणिक जाड होत जातं आणि खिळा पोटात घेतं. बाहेरून पत्ता लागत नाही. करवतीचं पातं त्यावर गेलं की दात गेलेच. दोन संध्याकाळी मेटल डिटेक्टर फिरवला, खडूने खुणा केल्या, अकरा खिळे उकरून काढले. मग काका तयार झाले.

पहिली फळी उघडली आणि आम्ही दोघं गप्प झालो. एका खिळ्याच्या भोकापासून लाकडाच्या रेषेच्या दिशेने वीतभर निळसर काळा डाग पसरला होता. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात एकत्र आलं की असं होतं. पूर्वी शाईही याच दोन गोष्टींपासून करत. काका म्हणाले, एवढा भाग कापून टाक. मी नाही टाकला.

मग लाकूड वाळायची वाट बघणं. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा जुना हिशोब. माझ्या फळ्या दोन इंची. फळीच्या तोंडांकडून, म्हणजे कापलेल्या टोकांकडून, पाणी झपाट्याने उडतं आणि तिथूनच भेगा पडतात, म्हणून दोन्ही तोंडांना मेण फासलं. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थर रचला. तरी गाभ्याची फळी उभी चिरली. वाईट वाटलं, पण तिच्यातूनच बाकाचे पाय निघाले.

रंधा मारताना खरी परीक्षा. जांभळाच्या रेषा उलटसुलट फिरतात. एकाच फळीवर इकडून गुळगुळीत छिलका निघतो आणि चार बोटं पुढे तंतू उपटून येतात. पटाशीसारखी धार लावून, पातं जेमतेम बाहेर ठेवून, दिशा बदलत बदलत गेलो. बसायची फळी खाली स्क्रूने धरली आहे, पण भोकं लांबट ठेवलीत. पावसाळ्यात ती रुंदीला फुगणार, उन्हाळ्यात आकसणार; तिला जागा द्यायलाच हवी.

वर नुसतं जवसाचं तेल. तेलाचा पहिला हात फिरला तसा डाग आणखी गडद झाला. खिळ्याचं भोक बुजवलेलं नाही. बाकावर बसलं की उजव्या हाताचं बोट आपोआप तिथे जातं.