अ‍ॅडमिन करण्याआधी फोल्डर बघा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं वीस-तीस कॉम्प्युटरचं ऑफिस. २० तारीख, जीएसटी रिटर्नची घाई, आणि जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून अडून बसलंय. लगेच आयटीवाल्याला फोन येतो, "दादा, मॅडमना अ‍ॅडमिन करून टाका ना." करू नका. अ‍ॅडमिन म्हणजे त्या मशीनवरचे सगळे अधिकार.

दुखणं बहुधा फोल्डरचं असतं. जुनी सॉफ्टवेअर्स आपला डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्येच लिहायला जातात, आणि साध्या युजरला तिथे फक्त वाचायची नि चालवायची मुभा असते. डेटा दुसरीकडे हलवता येत असेल तर उत्तमच. नाहीतर त्या डेटा फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. तिथे डोमेनमधला (ऑफिसची सगळी मशीन आणि खाती सर्व्हरवरून एकत्र सांभाळणारी व्यवस्था) अकाउंट्स विभागाचा ग्रुप घाला आणि 'मॉडिफाय'वर टिक करा. 'फुल कंट्रोल' नको, त्यात परवानग्या बदलायचा अधिकारही जातो. एकेका माणसाचं नाव घालू नका. तो सोडून गेला, खातं डिलीट झालं, की यादीत नुसता एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो.

सॉफ्टवेअर उघडतानाच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत असेल तर गोष्ट वेगळी. आधी कम्पॅटिबिलिटी टॅब बघा. कुणीतरी उपाय म्हणून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक करून ठेवलेली असते.

ग्रुपमध्ये घातलं तरी चालेना? युजरला लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला लावा. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी बनते. स्क्रीन लॉक करून उघडल्याने भागत नाही. आणि सर्व्हरवर बसून फाइल सेव्ह होते पण नेटवर्कवरून होत नाही, असं असेल तर शेअरिंग टॅब तपासा. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअर आणि सिक्युरिटी या दोन्हींतली जी परवानगी कडक, तीच लागू होते.

आता लोकल अ‍ॅडमिन, म्हणजे डोमेनचं नाही तर त्या एका मशीनपुरतं अ‍ॅडमिन खातं. सगळ्या मशीनना एकच पासवर्ड ठेवणं म्हणजे अख्ख्या सोसायटीला एकच किल्ली. विंडोज लॅप्स (हे पासवर्ड आपोआप बदलून जपून ठेवणारी सोय) एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलंय, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रत्येक मशीनला वेगळा, १४ अक्षरांचा पासवर्ड. डीफॉल्टने ३० दिवसांनी बदलतो आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नोंदवहीत, जमा होतो.

मात्र मशीनची जुनी इमेज (अख्ख्या डिस्कची प्रत) रिस्टोअर केली की इथेच फसगत होते. डोमेन म्हणतं 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड', कारण मशीनचा स्वतःचा पासवर्डही दर ३० दिवसांनी बदलतो आणि इमेजमध्ये जुना असतो. लोकल अ‍ॅडमिनने लॉगिन करावं (नावाआधी टिंब आणि उलटा स्लॅश), तर लॅप्सचा नवा पासवर्ड चालत नाही. मशीनवर तोही जुनाच. म्हणून लॅप्सच्या पॉलिसीत एन्क्रिप्शन आणि पासवर्ड हिस्टरी (आधीचे पासवर्डही जपून ठेवणं) आधीच चालू करून ठेवा. त्यासाठी डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन विंडोज सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ते) किमान २०१६ हवी. ते राहून गेलं असेल तर नेटवर्कची वायर काढून बघा. त्या मशीनवर पूर्वी कधी लॉगिन केलेला आयटीवाल्याचा डोमेन आयडी कॅशमधून (मशीनने जपलेल्या जुन्या लॉगिनवरून) आत शिरू शकतो, फक्त पासवर्ड इमेज घेतली तेव्हाचा टाकायचा. तो आयडी त्या मशीनवर अ‍ॅडमिन असेल तर लोकल पासवर्ड तिथेच बदला, वायर लावा आणि मशीन डोमेनला पुन्हा जोडा.