देवगिरीचा कडा काही केल्या उभा राहीना

तीन महिने झाले, रात्री जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर पृथ्वी बनवत बसायलो. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा प्रोग्रॅम, म्हणावं इतकं अजून काही नाही त्यात, पण चिकलठाण्याहून विमान उडतं आणि खाली जमीन दिसते एवढं झालंय. परवा हौसेनं अण्णांना दाखवलं, म्हटलं हा बघा देवगिरी. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "किल्ला कामून म्हणायला रे ह्याला, हे तर मुरमाच्या ढिगावानी दिसायलंय."

आता माझा उंचीचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर ह्या अंतराळ शटलनं ११ दिवस फिरून रडारनं मोजलेला, दर ३० मीटरला एक ठिपका. देवगिरीचा कडा माणसांनी तासून सरळ केलेला, तो दोन ठिपक्यांच्या मधीच संपतो, मग कॉम्प्युटर बिचारा ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत उतार जोडून मोकळा.

पण सगळं डेटावर ढकलून चालायचं नाही, अर्धा घोळ माझाच होता. अख्खी पृथ्वी एकदम काढता येत नाही म्हणून एक ठोकळा घेऊन गोल फुगवायचा, सहा बाजू, अन् जवळ जाईल तसं एका चौकोनाचे चार, चाराचे सोळा करत जायचं. एक बाजू साधारण १०,००० किलोमीटर, ती १३ वेळा फोडली की सव्वा किलोमीटरचा तुकडा येतो, त्याच्या एकेका बाजूला ३२ घरं धरली तर एक घर ३८ मीटरचं. मी तिथंच थांबलो होतो, कारण पुढं गेलं की लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापायचा. आणि तापायचा का, तर मी तुकडे नुसत्या अंतरावर फोडत होतो, म्हणजे गंगापूरकडच्या सपाट काळ्या रानाला अन् नाथसागराच्या पाण्यालाही किल्ल्याएवढेच त्रिकोण (जमीन त्रिकोण जोडूनच काढतात)! आता आधी बघतो की हा तुकडा न फोडता तसाच ठेवला तर स्क्रीनवर किती पिक्सेल चुकेल, दोनच्या वर गेलं तरच फोडायचं. वाचलेले त्रिकोण देवगिरीला लावले, १४ वेळा फोडलं, लॅपटॉप गार.

मग भेगा निघाल्या. शेजारी शेजारी एक तुकडा बारीक अन् एक जाडा आला की कडा जुळत नाहीत, मे महिन्यात रान भेगाळतं तसं, आणि त्या भेगेतून चक्क आभाळ दिसतं. प्रत्येक तुकड्याला खाली झालर लोंबवली, भेग झाकली. लबाडी आहे, पण चालते.

त्यात विमान धावपट्टीवर उभं असताना हिवताप आल्यासारखं थरथरायचं. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं की आकडा ६३ लाख मीटरच्या घरात, आणि ३२ बिटच्या फ्लोटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या अपूर्णांकी आकड्याला, तिथं अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक कळतच नाही. आधी डबलमधी, म्हणजे ६४ बिटच्या जास्त बारीक आकड्यात, कॅमेऱ्याची जागा वजा केली, मगच जीपीयूला, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपला, आकडे दिले, थरथर गेली.

काल अण्णांना परत बोलावलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. "आता डोंगर दिसायला. पण खंदक कुठंय?"

खंदक त्या ३० मीटरच्या फटीत गायब. तो हातानंच मॉडेल करावा लागणार, कडा पण. रविवारी बसतो.