तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या हार्ड डिस्कचा भाव कधी उतरणार?

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं कॉम्प्युटरचं दुकान. सीसीटीव्हीवाली पोरं असोत की क्लासचे सर, सवाल एकच: "भाऊ, सीगेटची ३० टीबीची डिस्क आली म्हणं. मग २ टीबीची उतरंल की? थांबू का?" वर ऐकवतात, "आता बाकीच्या कंपन्या बसल्याच."

बसायला उरलंय कोण? सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. संपली यादी. आणि पहिला आला तोच टिकतो असंही नाही. आयबीएमने १९९७ मध्ये जीएमआर हेडची, म्हणजे क्षीण चुंबकीय खूणही वाचणाऱ्या टोकाची, डिस्क सगळ्यांआधी बाजारात आणली. जीएमआरच्या मूळ शोधाला (तो आयबीएमचा नव्हे) २००७ चं नोबेल मिळालं, पण तोवर आयबीएम डिस्कचा धंदा हिताचीला विकून मोकळीही झाली होती.

पूर्वी मीच सांगायचो, "थांबा, उतरेल." उतरायचीही. मग २०११ चा ऑक्टोबर आला. थायलंडात पूर, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात. मी दसऱ्याच्या सुमारास एका कॉलेजला लॅबचं कोटेशन देऊन बसलेलो. मुंबईचा होलसेलर सकाळी एक भाव सांगायचा, दुपारी "माल नाही." महिनाभरात भाव दुपटीच्या घरात. कॉलेजच्या क्लार्कने माझंच लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. "पूर थायलंडात आलाय, तुमच्या दुकानात नाही." आमच्याकडे पाण्याची बोंब, आणि मी बुडालो पुरात! माल दिला, फरक खिशातून घातला. सही माझी होती, भांडणार कुणाशी?

त्याच हिवाळ्यात कंपन्यांनी बऱ्याच डिस्कची वॉरंटी घटवली. सॅमसंगचा डिस्कचा धंदा सीगेटने घेतला, मार्च २०१२ मध्ये हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने. पाणी ओसरलं, भाव मात्र लवकर ओसरला नाही. विकणारेच मोजके राहिले, तर तो उतरवायची घाई कुणाला? तेव्हापासून मी कुणाला थांबा म्हणत नाही. कडवट झालोय म्हणा हवं तर.

आता ही ३० टीबीची. डिस्कच्या आत फिरणाऱ्या ताटल्या असतात, डेटा त्यांवर लिहिला जातो. लेझरने ताटलीवरचा ठिपका तापवून लिहिणारी ही डिस्क सीगेटने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. एका ताटलीवर ३ टीबी, अशा दहा. वेस्टर्न डिजिटल मेली का? तिने त्याच वर्षी लेझरशिवाय अकरा ताटल्या कोंबल्या, ट्रॅक, म्हणजे लिखाणाच्या गोल रांगा, कौलांसारखे एकमेकांवर चढवले आणि ३२ गाठले. तोशिबा लेझरऐवजी मायक्रोवेव्ह लहरींची मदत घेऊन लिहिण्याच्या वाटेने चाललीय. ताटल्या आणि हेड ती बाहेरूनच घेते. हा माल मुख्यतः डेटा सेंटरवाल्यांचा. नवी डिस्क ते महिनोन् महिने तपासतात, आणि एकाच कंपनीच्या भरवशावर राहत नाहीत. मागे पडलेल्याला तेवढी सवड मिळते. तुमच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा यात संबंध कुठे आला?

तरी खरं सांगतो, लेझर नसता तर एसएसडीने (ताटल्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कने) हा धंदा अजून खाल्ला असता. आणि वेस्टर्न डिजिटलही आता लेझरकडेच निघालीय. म्हणजे पुढे असण्याला किंमत आहे म्हणायची. तिघांचे दोन झाले तर काय, ते मला सुचत नाही. कोटेशनच्या तळाला मात्र एक ओळ छापून घेतलीय: भाव आजच्या दिवसापुरता.