वहीतली बारा गावं

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात एक शंभर पानी वही असते. कराडहून इकडे येताना सामानात आलेली. तिच्यात एकेका गावाला दोन-दोन पानं दिली आहेत आणि मजकूर सगळा मराठीत आहे. टक्सनच्या पानावर लिहिलंय: 'नाश्ता साडेसहाला, आधी सांगितलं तर सहाला. बस मागच्या दाराशी लावायला सांगणे, पुढच्या आवारात वळत नाही. ऊन फार, पाण्याचे दोन खोके जास्त धरणे.' पुलमनच्या पानावर: 'नोव्हेंबरनंतर विमानाच्या भरवशावर राहू नये. धुकं.'

मी ओरेगनमधल्या कोर्व्हॅलिसला असते. इथल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मुलींच्या संघांच्या प्रवासाचं बघते. विमान, बस, हॉटेल, जेवण, आणि सोमवारी सकाळच्या तासाला पोरी वर्गात पोचतील अशी परतीची वेळ. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे वेळापत्रकाची सवय घरातलीच. कोणती गाडी मुक्कामी जाणार, कोणती रात्री परत फिरणार, हे घरात जेवताना कानावर पडायचं. इथेही मी मनातल्या मनात 'वस्तीची गाडी' आणि 'परतीची गाडी' असंच म्हणते.

दिवस सांगायचा आहे तो शुक्रवार, ४ ऑगस्ट २०२३ चा. ऑगस्टात आमचं आवार रिकामं असतं, कारण कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. सरावाला आलेले दोन-चार संघ सोडले तर माणूस दिसत नाही. या खोऱ्यात गवताच्या बियाण्याची शेती मोठी. त्या दिवसांत कापणी झालेली असते आणि खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टेबलावर पिवळट धूळ बसते. मी येत्या हंगामाचं बुकिंग पक्कं करत बसले होते.

आपल्याकडच्या वाचकांना आधी एक सांगायला हवं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात. शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं, कारण ते पश्चिमेला आहे. तिथे आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत तसं नाही. इथे विद्यापीठं आपापसात करार करून एक गट बांधतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातले लोक वर्षभर एकमेकांशी खेळतात, नियम मिळून ठरवतात, टीव्हीचे हक्क एकत्र विकतात आणि आलेले पैसे वाटून घेतात. गटात राहायचं की निघायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आमची कॉन्फरन्स म्हणजे पॅक-१२. पॅसिफिक किनारा आणि त्याच्या आतल्या डोंगर-वाळवंटातली बारा विद्यापीठं. माझ्या कामाच्या दृष्टीने तिची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही बारा विद्यापीठं सहा जोड्यांत बसायची. टक्सन आणि टेम्पी, मध्ये बसने दोन तास. बर्कली आणि स्टॅनफर्ड. लॉस एंजेलिसमधली दोन तर एकाच शहरात. सिअ‍ॅटल आणि पुलमन, सॉल्ट लेक सिटी आणि बोल्डर, आणि आम्ही नि आमच्या दक्षिणेला पासष्ट किलोमीटरवरचं युजीन. एका दौऱ्यात एक जोडी उरकायची: शुक्रवारी एकाशी, रविवारी दुसऱ्याशी, रात्री घरी. आम्ही टक्सनला खेळत असू तेव्हा युजीनच्या पोरी टेम्पीला, आणि शनिवारी दोन्ही बस उलट्या दिशेने निघायच्या. इतकी नीट बसवलेली रचना मी दुसरीकडे पाहिली नाही. वडिलांना कागदावर काढून दाखवली होती, तेव्हा तेही म्हणाले, "हे बसवणारा माणूस हुशार गं."

या रचनेला तडा गेला तो वर्षभर आधीच. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, २०२४ पासून बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर झालं. बिग टेन हा मध्य-पश्चिमेचा जुना गट. त्याच उन्हाळ्यात त्यांनी टीव्ही कंपन्यांशी केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा असल्याचं छापून आलं. आमच्या गटाने २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढली होती, पण ती देशातल्या फार मोठ्या प्रेक्षकांपर्यंत कधी पोचलीच नाही. नव्या कराराची बोलणी लांबत गेली. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडोने, म्हणजे बोल्डरने, बिग १२ या आपल्या जुन्या गटात परत जायचं ठरवलं. उरले नऊ. समोर अ‍ॅपलचा एक प्रस्ताव होता, ज्यात पैसे बऱ्याच अंशी किती लोक वर्गणी भरून सामने बघतात यावर ठरणार होते. शुक्रवारी सकाळी नऊही कुलगुरू भेटतील, एकत्र राहायचं लिहून देतील, अशी आमच्या मजल्यावर आशा होती.

सकाळी दहाच्या सुमाराला मी टक्सनच्या हॉटेलला फोन लावला. तिथली बाई मला आवाजावरून ओळखते. खोल्या झाल्या, नाश्ता सहाला ठरला, मागच्या दाराचं झालं. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "पुढच्या वर्षीच्याही खोल्या आत्ताच धरून ठेवू का?"

दरवर्षी मी पटकन 'हो' म्हणते, कारण आधी धरल्या तर दर कमी पडतो. त्या वेळी शेजारच्या टेबलावरचा मुलगा उठून उभा राहिला होता आणि त्याच्या मोबाइलच्या पडद्याकडे तिघे वाकून बघत होते. ओरेगन आणि वॉशिंग्टन निघाले, म्हणजे युजीन आणि सिअ‍ॅटल. अजून जाहीर झालं नव्हतं, पण बातमी फुटली होती. मी फोनवर म्हणाले, "थांब, तुला कळवते." इतक्या वर्षांत मी तिला 'कळवते' असं पहिल्यांदा म्हटलं.

दुपारी ते अधिकृत झालं, दोघंही बिग टेनमध्ये. संध्याकाळपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा, म्हणजे टक्सन, टेम्पी आणि सॉल्ट लेक सिटी, बिग १२ मध्ये गेले. एका दिवसात पाच. राहिले चार: स्टॅनफर्ड, बर्कलीचं कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन स्टेट म्हणजे पुलमन, आणि आम्ही.

आमच्या मजल्यावर कोणी मोठ्याने बोललं नाही. सरावाहून परतणाऱ्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक अ‍ॅरिझोनाचीच, फिनिक्सजवळची. वर्षातून एकदा तिच्या घरचे पंधरा-वीस जण टेम्पीच्या सामन्याला यायचे, आणि त्यांच्या पासांची यादी माझ्याकडेच असायची. तिने विचारलं, "मग टेम्पी संपलं का?" मी म्हणाले, "या वर्षी आहे. पुढचं माहीत नाही." ती मान हलवून गेली.

चारच्या सुमाराला आमचे जुने बसचालक आले. वय सत्तर, याच खोऱ्यात जन्मलेले. शनिवारच्या फेरीचा कागद न्यायला आले होते, पण खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आम्हाला बाहेर ठेवण्याची ही पहिली वेळ नाही."

मला कॉन्फरन्सचा इतिहास वरवर माहीत होता. आमच्या गटाचं मूळ म्हणजे पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, ती २ डिसेंबर १९१५ ला पोर्टलंडमध्ये स्थापन झाली. चार संस्थापक: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आमचं, तेव्हाचं ओरेगन कृषी महाविद्यालय. पाठोपाठ पुलमन, स्टॅनफर्ड, मग यूएससी आणि आयडाहो, मग मोंटाना, १९२८ मध्ये यूसीएलए. आयडाहोचं विद्यापीठ पुलमनपासून जेमतेम तेरा किलोमीटरवर आहे. एकेकाळी तेही याच पंक्तीला जेवत होतं हे आज कोणाच्या ध्यानातही नसतं.

पण १९५९ मध्ये काय झालं ते मला चालकांनी सांगितलं. पन्नाशीच्या दशकात काही विद्यापीठांत खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याची प्रकरणं उघडकीस आली, शिक्षांवरून भांडणं पेटली आणि गट मोडला. लगेच नवा गट निघाला तो पाच जणांचा: कॅलिफोर्नियातली चार आणि वॉशिंग्टन. पुलमनला तीन वर्षं थांबवलं, १९६२ मध्ये घेतलं. ओरेगनची दोघं १९६४ पर्यंत बाहेर. आयडाहोला पुन्हा बोलावलंच नाही.

"त्या बाहेरच्या वर्षांत काय झालं माहितीय?" ते म्हणाले. "टेरी बेकर."

१९६२ मध्ये कोर्व्हॅलिसकडून खेळणाऱ्या या मुलाला हाइझमन मिळाला, कॉलेज फुटबॉलमधला (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलमधला) सर्वांत मोठा वैयक्तिक मान. पश्चिम किनाऱ्यावर तो तोवर कोणालाच मिळाला नव्हता. डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या गोठवणाऱ्या थंडीत लिबर्टी बोलमध्ये तो ९९ यार्ड धावला, म्हणजे जवळजवळ सगळं मैदान, आणि सामना ६-० ने जिंकला. पुढच्याच वसंतात तोच मुलगा बास्केटबॉलच्या संघातून देशातल्या शेवटच्या चौघांत खेळला. कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नसलेल्या विद्यापीठाकडून! चालक तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते ९९ यार्ड त्यांनी रेडिओवर ऐकले होते. वडील गोठ्यातून धावत आत आले आणि दुधाची बादली दारातच कलंडली, एवढं त्यांना आठवतं. सांगताना त्यांचा हात टेबलावरच्या धुळीत एक लांब रेघ ओढत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी ती रेघ पुसली नाही. सोमवारी सफाईवाल्यांनी पुसली असेल.

सव्वासहाला फोन वाजला. युजीनच्या विद्यापीठात माझ्यासारखंच काम करणारी एक जण आहे. आमची ओळख टक्सन-टेम्पीच्या त्या अदलाबदलीतूनच झाली. आमच्या पट्ट्यांची पेटी राहिली की तिने टेम्पीच्या हॉटेलात आमच्यासाठी ठेवायची, त्यांचे चेंडू राहिले की मी उचलून आणायचे. मला वाटलं होतं आज तिकडे आनंद असेल. ती म्हणाली, "मी नकाशा उघडून बसलेय. बिग टेनमधला सामना रविवारी दुपारी न्यू जर्सीत संपला तर मुलींना सोमवारी आठच्या तासाला कसं आणायचं, सांग ना तू." तीन तासांचा वेळेचा फरक, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, आणि युजीनच्या लहान विमानतळामुळे बदलावं लागणारं विमान. आम्ही दोघींनी फोनवरच जोडून बघितलं. वाटेत मुक्काम केल्याशिवाय बसेना. तिच्या संघाला जास्त पैसे मिळणार होते, पण तिच्या मुलींची झोप त्या हिशेबात कोणी धरलेली दिसली नाही. मला तिचा राग आला नाही. आमची दोघींची सोय एकाच दिवशी मोडली होती.

फुटबॉलच्या जोरावर हे करार होतात, फुटबॉल आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी खेळतो, आणि त्याच्या मागे व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसच्या पोरींची फरफट होते. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

रात्री आठला कराडला फोन केला. तिकडे शनिवारची सकाळ, साडेआठ. बाबा चहा घेत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुमच्या पोरी आता खेळणार कुणाशी?"

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्नियाही अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या गटात. उरलो आम्ही आणि पुलमन. गटाचे पैसे आणि कारभार कुणाच्या हाती, यावर दोघांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्स या छोट्या गावच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबरात तिथे निकाल आमच्या बाजूने लागला आणि १५ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. गट नावाला तरी जिवंत राहिला, दोघांचा. नियमाप्रमाणे अव्वल स्तरावरच्या फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात. त्यासाठी दोन वर्षांची सवलत होती.

ती दोन वर्षं आमच्या बऱ्याच संघांना वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने पाहुणे म्हणून घेतलं. लहान, बहुतेक चर्चशी जोडलेली विद्यापीठं. वहीत नवी गावं आली: स्पोकॅन, स्टॉकटन, मोरागा, मालिबू. आणि पोर्टलंड, जिथे १९१५ मध्ये हे सगळं सुरू झालं होतं. पोर्टलंडला विमान नको, हॉटेल नको, बसने दीड तास. पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच जुने चालक गाडीवर होते. सामना संपला, पोरींनी गाडीतच जेवण केलं, आणि साडेअकराला सगळ्या आपापल्या खोलीत होत्या. बाबांच्या भाषेत परतीची गाडी. दुसऱ्या दिवशी एकीची सकाळी आठला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि ती वेळेवर पोचली, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

२०२४ च्या सप्टेंबरात बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मग युटा स्टेट यायला तयार झाले. ऑक्टोबरात गोंझागा आलं, त्यांच्याकडे फुटबॉल नाही. आठव्या फुटबॉल सदस्याची वाट बघण्यात नऊ महिने गेले. ३० जून २०२५ ला टेक्सस स्टेटने होकार दिला. नव्या गटाची तारीख १ जुलै २०२६ ठरली.

टक्सनच्या त्या बाईला मी २०२३ च्या ऑगस्टातल्या त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी नको. ती म्हणाली, "मग कधी?" तिच्या पानावर मी काट मारलेली नाही. टेक्सस स्टेट ज्या गावात आहे त्या सॅन मार्कोसला मात्र दोन पानं दिली आहेत. तिथे आतापर्यंत एकच ओळ आहे: 'वस्तीची गाडी. ऑस्टिनला उतरणे.'