तुम्ही विचारलंत म्हणून: रुक्मिणीला घरी काय म्हणायचं?

लेकीचं नाव रुक्मिणी सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘छान आहे हो, पण घरी काय म्हणता?’ ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे ते जरा खोलात शिरतात. जानकी, भागीरथी, सरस्वती, असं एखादं जुनं भारदस्त नाव त्यांच्या मनात असतं, पण हाक मारायला सुटसुटीत काय करावं हे सुचत नसतं. आजवर एकेकाला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, आता सलग सांगते.

आम्ही तिला रखमा म्हणतो.

माझं माहेर अमरावतीकडचं. वर्धा नदीच्या काठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात आणि तिथून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. त्यामुळे आमच्या घराण्यात पिढीला एक तरी रुक्मिणी असतेच. पण दोघींची हाक कधी एक नव्हती. पणजीला सगळे रखमाई म्हणत, आत्याला रुक्मा, आणि एका चुलत बहिणीची मिनी झाली. मिनी गोड आहे, हाकेला सोपं आहे. पण मिनी ऐकून कुणी रुक्मिणीपर्यंत पोचत नाही; मीनाक्षीची मिनी असेल, मीनलचीही असेल. हाकेच्या नावातून मूळ नाव ओळखू यावं, एवढी एकच माझी अट आहे. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडावं.

या अटीचं कारण प्रत्येक घरात सापडेल. सत्तरीतल्या बेबीआत्या, छबूमावशी, ताईआजी आठवा. त्यांची खरी नावं आपल्याला पत्रिकेत नाही तर निधनवार्तेत कळतात. त्या पिढीचं नाव तसंही एकदा पुसलं जायचंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरचं संपलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. झाशीची राणी मनकर्णिका होती. लक्ष्मीबाई झाल्यावरही माहेरची ‘मनू’ लोकांनी जपली, कारण त्या दोन अक्षरांत मूळ नाव शिल्लक होतं. पिंकी किंवा बेबी असती तर मनकर्णिका कुणाला आठवली असती?

मराठीत नाव लहान करायच्या वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीची चव निराळी. शेवटी ऊ लावला की लाड होतो: गोदावरीची गोदू, यमुनेची यमू, पार्वतीची पारू, सरस्वतीची सरू. आ लावला की नाव मोकळं होतं, अंगणातून लांबवर ओढता येतं: गोदा, रखमा. ई लावली की पुष्कळदा धाक येतो, तुच्छताही येते. भागी, मथी, रखमी या हाका कुणी कुणाला मारल्या ते आपल्याला ठाऊक आहे. तरी संत जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी जनी’ म्हणवतात तेव्हा त्याच ई-मध्ये केवढी जवळीक भरते! आणि आपल्याकडे तर लाडाने नाव वाढवतातही. मुक्ताची मुक्ताई, जिजाबाईंच्या जिजाऊ. रखुमाई त्यातलीच. आधी रखुमा होऊन धाकटी झाली, मग आई जोडून थोरली झाली. मला हे फार मोठं वाटतं. ज्ञानेश्वरांच्या आईचं नाव रुक्मिणी, आणि त्यांच्या अभंगांची मुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’. म्हणजे आज ज्याला आपण टोपणनाव म्हणू ते सातशे वर्षांपूर्वी देवासमोर उभं होतं.

एक इशारा मात्र देते. रुक्मिणीची रुक्मी करू नका. रुक्मी हा तिचा भाऊ. बहिणीला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघालेला, कृष्णाचा पाठलाग करणारा. ज्याच्या मर्जीविरुद्ध ती निघून गेली त्याचंच नाव तिला कशाला?

रखमा ठरवलं तेव्हा जवळच्याच काहीजणींनी नाकं मुरडली. ‘अगं, भांडीवाल्या बाईचं नाव वाटतं!’ हे वाक्य मला आजही लागतं. एक तर भांडी घासणाऱ्या बाईचं नाव असलं तर त्यात कमीपणा कसला? आणि दुसरं, डॉ. रखमाबाई आपण विसरलो की काय? 1864 मध्ये जन्मलेल्या, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईंनी नवऱ्याघरी नांदायला नकार दिला. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेलं. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी तडजोड झाली, लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. 1955 मध्ये त्या गेल्या. माझ्या मुलीला रखमा म्हणताना मला त्यांचीही आठवण होते आणि ती व्हावी असंच मला वाटतं.

आता तुमच्या कामाचं. बारशाला आत्या कानात कुर्रर्र करून पूर्ण नाव सांगेल तेव्हाच हाकेचं नाव जाहीर करायची घाई नको. पाळण्यावर, दाखल्यावर नाव अख्खं लिहा, आणि काही महिने सगळ्यांना वाट्टेल ते म्हणू द्या. आमच्याकडे भाच्याला क्म जमेना, त्याने रुकू केलं, ते बरेच दिवस चाललं. आजी रखू म्हणायच्या. माझा राग आला की रखमाचं आपोआप रखमे होतं, मराठीत ती सोय आहेच. या सगळ्यांत टिकलं ते रखमा, कारण ते गॅलरीतून खालपर्यंत पोचतं आणि पुढे ताई, काकू, आजी काहीही जोडलं तरी शोभतं. नाव निवडताना जोराने हाक मारून बघा, पुढे आजी लावून बघा. भागूआजी, सरूआजी, जानूआजी, कान लगेच सांगतो. दुसऱ्या भाषेतल्या शेजाऱ्यांची काळजी करू नका. तमिळ आणि कानडी घरांत रुक्मिणीची रुक्कू होते, तेही कानाला गोडच लागतं.

शाळेत मैत्रिणी तिला रुक्स म्हणतात. मला ते फारसं आवडत नाही. पण त्यांच्या हाकेला ती धावत जाते, आणि तेवढं नाव तिने तिच्या मर्जीने घेतलेलं आहे. त्यात मी पडत नाही.