सापडले खानापुरात, शोध लागला लंडनमध्ये

बेळगावला आलेल्या पाहुण्याला आपण गोकाकचा धबधबा दाखवतो, किल्ल्यातली कमल बस्ती दाखवतो, फार तर हलशीपर्यंत नेतो. पण प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या जिल्ह्यातील ज्या एका जागेचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ छापले जात आहे, ती जागा यांपैकी एकही नाही. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, तळेवाडी गावाजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. त्या गुहेत राहणारे एक वटवाघूळ जवळजवळ नऊ दशके जगात दुसरीकडे कोठेच मिळाले नव्हते. ‘राउटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ’ असे त्याचे नाव. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत नवलाची वाटते ती गोष्ट ही की, हे वटवाघूळ सापडले आपल्याकडे आणि त्याचा शोध लागला लंडनमध्ये. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला या गुहेमुळे नीट उमगले.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वर्गणी जमवून हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. संग्राहकांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडायचे, उंदीर, खारी, वटवाघळे असे दुर्लक्षित प्राणी धरायचे, त्यांची कातडी सोलून, कवटी साफ करून, तिला स्थळ आणि तारखेची चिठ्ठी बांधायची आणि पेटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे रवाना करायची, अशी कामाची रीत होती. या पाहणीत १९१२ साली स्टॅन्ली प्रेटर यांना बारापेडे गुहेत ही वटवाघळे मिळाली. पुढे भारतीय प्राण्यांवरील प्रमाण ग्रंथ लिहिणारे प्रेटर त्या वेळी विशीतले उमेदवार होते. पेटी लंडनला ओल्डफिल्ड थॉमस यांच्या टेबलावर गेली. या गृहस्थांनी आयुष्यभरात सुमारे दोन हजार सस्तन प्राण्यांच्या जाती-उपजातींची पहिली शास्त्रीय वर्णने लिहिली. म्हणजे नव्या प्राण्याचे त्यांना अप्रूप राहिले नसावे. तरीही आपल्या या वटवाघळासाठी १९१३ साली त्यांनी आधी नवी जात नोंदवली आणि त्याच वर्षी ‘ओटोमॉप्स’ ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), उभी केली. नाव दिले ते रॉबर्ट चार्ल्स राउटन यांचे. हे राउटन मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, मुंग्यांचे अभ्यासक, आणि निवृत्तीनंतर लंडनच्या म्युझियममध्ये बसून याच पाहणीच्या पेट्या उलगडणारे.

वटवाघूळ दिसायला कसे आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. आपल्या घराच्या कौलांत राहणाऱ्या लहान वाघळांपेक्षा ते बरेच मोठे आहे. अंग गडद तपकिरी; मानेमागे फिकट राखाडी पट्टा, जणू खांद्यावर उपरणे टाकलेले; आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी पंखांच्या मुळाशी पांढरी रेघ. शेपूट बहुतेक वटवाघळांसारखे पडद्यात गुंडाळलेले नसून त्याच्या काठाबाहेर मोकळे लोंबते, म्हणून ‘मुक्तपुच्छ’. पण छायाचित्रात पहिली नजर जाते ती कानांवर. ते प्रचंड आहेत, कपाळावर एकमेकांना जोडलेले आहेत आणि उभे राहण्याऐवजी पुढे झुकून चेहऱ्यावर छपरासारखे पसरलेले आहेत, इतके की डोळे त्यांच्या सावलीत शोधावे लागतात.

वटवाघळाचे नातेवाईक तर आणखी चक्रावून टाकणारे. याच प्रजातीच्या इतर जाती आफ्रिकेत, मादागास्करात, जावा बेटावर आणि न्यू गिनीत आहेत. मधल्या एवढ्या मोठ्या भूभागात ठिपका होता तो एकच, आपल्या खानापूर तालुक्यातला. तळेवाडीच्या माणसाला गुहेत वाघळे आहेत हे सांगायला लंडनहून कोणी येण्याची गरज नव्हती. ती इतर वाघळांहून निराळी आहेत हे ठरवायला मात्र शेजारच्या कपाटात आफ्रिकेतून आलेली कातडी असावी लागत होती. सगळे श्रेय परक्यांनी लाटले, अशी तक्रार आपल्याकडे फार लवकर केली जाते. मला ती इथे पुरती पटत नाही. तुलना करायला जगभरचा माल एका छपराखाली लागतो, आणि तो साम्राज्याच्या राजधानीत होता. मात्र पेटी लंडनला गेली आणि बारापेडेची माहिती बारापेडेच्या आसपास परत आली नाही, ही खंत खरी आहे.

कायद्याने या प्राण्याला दिलेली जागाही मजेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे पाचव्या अनुसूचीत, म्हणजे कावळे, उंदीर, घुशी यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. २०२२ साली कायदा बदलेपर्यंत भारतातील फक्त दोन वटवाघळांना वाघाच्या बरोबरीचे, पहिल्या अनुसूचीचे संरक्षण होते. त्यांतले एक आपले बारापेडेचे.

दुसऱ्याची कथा तर याहून विलक्षण आहे. तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरांत १९४८ साली अँगस हटन यांनी एक फलाहारी वटवाघूळ पकडले. मुंबईच्या सोसायटीच्या संग्रहात ते नेहमीचे आखूड नाकाचे वटवाघूळ समजून ठेवले गेले आणि चोवीस वर्षे त्याच समजुतीखाली खणात पडून राहिले. १९७२ साली थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना तपासला, दात पाहिले आणि ही केवळ नवी जातच नव्हे तर नवी प्रजाती असल्याचे जाहीर केले. तिला सलीम अलींचे नाव मिळाले. म्हणजे या वटवाघळाचा खरा शोध जंगलात लागलाच नाही. तो मुंबईत, एका खणात लागला.

बारापेडेची मक्तेदारी अखेर २००० साली मोडली. कंबोडियात या जातीचे एक वटवाघूळ जाळ्यात आले, आणि त्यानंतर लवकरच मेघालयातील चुनखडीच्या गुहांतूनही ते नोंदवले गेले. खानापूर, मेघालय आणि कंबोडिया यांमध्ये ते इतकी वर्षे दिसले का नाही, याचे एक कारण त्याच्या उडण्यात आहे. मुक्तपुच्छ वटवाघळांचे पंख लांब आणि अरुंद असतात. ती झाडीत घुटमळत नाहीत, मोकळ्या आभाळात उंचावरून वेगाने किडे टिपतात. अभ्यासक जाळी बांधतात ती जमिनीलगत. तेव्हा जाळ्यात न आलेला प्राणी तिथे नाहीच, असे म्हणणे धाडसाचे ठरते. गुहा हाताशी लागली तरच तो सापडायचा, आणि अभ्यासकांच्या हाताशी पहिली लागली ती आपली. भीमगड २०११ साली अभयारण्य झाले, त्याला या वटवाघळाचाही थोडा हातभार लागला असे मी मानतो.

सापडणे आणि शोध लागणे यांतले हे अंतर केवळ प्राण्यांच्या बाबतीत नाही. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात आपण सगळे जातो. त्याच हलशीबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळच्या उंचवट्यात एकोणिसाव्या शतकात ताम्रपटांचे संच निघाले. तांबे हातात आले, अक्षरे दिसली, पण ती वाचणार कोण? पुढे मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत असलेल्या जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८७० च्या दशकात ती वाचून छापली, तेव्हा हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका हे पुढे आले. त्यांतल्या एका पटात काकुस्थवर्म्याने आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला शेत दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवस उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींना अन्न मिळावे, अशी तजवीज आहे. आपल्या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ती चार महिन्यांची अट कोणी समजावून सांगायला नको.

आता पावसाचा विषय निघालाच आहे, तर ज्याचा शोध आपल्याकडे अजून पुरता लागलेला नाही अशा एका नवलाकडे वळतो. खानापूरच्या पश्चिमेकडे, चोर्ल्याच्या बाजूला, आषाढ-श्रावणात कुजकी लाकडे रात्री चमकतात. नात्यातल्या एका मामांकडे त्या बाजूला गेलो असताना मी ती परड्यामागच्या रानात पाहिली. मामांचे म्हणणे एवढेच होते, “ह्यात काय बघायचं आहे? पावसात लाकूड असंच असतंय की.” विजेरीच्या उजेडात खरोखरच काही दिसत नाही, भिजून काळी पडलेली बोटाएवढी काटकी, सालीखाली पांढुरके तंतू, आणि पायावर चढणाऱ्या जळवा. विजेरी विझवून डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. मग आधी एक रेघ दिसते, नंतर शेजारची पाने, नंतर एक आख्खी फांदी. थेट पाहिले की ती पुसट होते आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा उजळते. छायाचित्रांत हा प्रकाश गर्द हिरवा येतो; डोळ्यांना तो पांढुरकाच वाटतो, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. ती काटकी मी हातात घेतली. ती गार होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता.

हा प्रकाश बुरशीचा आहे. ॲरिस्टॉटलच्या काळापासून कुजक्या लाकडाच्या या उजेडाच्या नोंदी आहेत, पण त्याला प्रयोगाच्या कसोटीवर धरले ते रॉबर्ट बॉइल यांनी. चमकणारे लाकूड त्यांनी काचेच्या भांड्यात ठेवले आणि पंपाने हवा काढून घेतली, प्रकाश मावळला. हवा परत आत सोडली, प्रकाश परतला. १६६८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा प्राणवायूचा शोध लागायला अजून शंभरावर वर्षे अवकाश होता. आज आपल्याला माहीत आहे की बुरशीतील एक द्रव्य विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून उष्णतेऐवजी प्रकाश बाहेर पडतो. ते द्रव्य कॅफिक आम्लापासून, म्हणजे वनस्पतींत सर्रास आढळणाऱ्या पदार्थापासून तयार होते; ही साखळी, तिच्या जनुकांसकट, २०१८ साली उलगडली.

प्रकाश कसा पडतो हे कळले, तरी तो कशासाठी, हा वाद मिटलेला नाही. ब्राझीलमधील एका चमकणाऱ्या भूछत्राचा प्रकाश शरीरातील घड्याळाबरहुकूम रात्री वाढतो. २०१५ साली संशोधकांनी तशाच रंगाचे दिवे लावलेली खोटी भूछत्रे रानात ठेवली, तेव्हा त्यांच्याकडे अंधाऱ्या भूछत्रांपेक्षा अधिक किडे आले. किडे बीजाणू पसरवतात, म्हणून प्रकाश हे आमंत्रण असावे, असा अर्थ निघाला. पण ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या एका जातीवर असाच प्रयोग झाला, तेव्हा किडे अधिक आले नाहीत. शिवाय आपल्याकडे बहुतेक वेळा चमकतात ते भूछत्र नव्हे तर लाकडातील तंतू, ज्यांच्यावर बीजाणू नसतातच. ते कोणाला कशाचे आमंत्रण देणार? मला स्वतःला हे चमकणे निदान तंतूंच्या बाबतीत पचनाचे उपउत्पादन असावे, हेच अधिक संभवनीय वाटते.

जगात चमकणाऱ्या बुरशीच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळशा ‘मायसीना’ या प्रजातीतल्या. चोर्ल्याकडच्या काटकीतली जात कोणती, हे नुसत्या तंतूंकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी तरी हवी, किंवा त्याच लाकडावर उगवलेले भूछत्र तरी. रात्रीच्या हिरव्या छायाचित्रांनी आपले फोन दर पावसाळ्यात भरून जातात, पण ओळख पटवायला ती जवळजवळ निरुपयोगी आहेत. चमकणाऱ्या फांदीला सुतळी बांधून ठेवावी, दिवसा परत जावे, तिच्यावर नखाएवढी भूछत्रे आली असतील तर त्यांच्या टोपीखालच्या पाळ्यांचे खालून छायाचित्र घ्यावे, देठ लाकडाला कसा चिकटला आहे ते पाहावे, झाड कोणते ते गावातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहावे आणि एक टोपी काळ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यावा. अभयारण्यात परवानगीशिवाय यातले काहीही करता येणार नाही. परड्यामागे मात्र करता येते. मामांना मी एवढे सांगून आलो आहे. त्यांनी सुतळी दिली, फांद्या बांधल्या, आणि झाडे किंजळाची आहेत हे माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिले.