गळलेलं प्रश्नचिन्ह

सोमवार, रात्री

आज पहिल्यांदा संग्रहालयाच्या भांडारात, म्हणजे प्रदर्शनात नसलेल्या वस्तू ठेवतात तिथे, एकटीने काम केलं. एकटीने म्हणजे, दाराशी काका बसलेले होतेच. पण टेबल माझं, दिवा माझा, आणि फोमच्या खाचांत बसवलेल्या सात पितळी वस्तूंचा ट्रेही माझा.

दारातच पहिला धडा मिळाला. केसांत खोचलेलं पेन काकांनी काढायला लावलं. भांडारात फक्त पेन्सिल. पेनचा एक फराटा चुकून वस्तूवर उठला तर तो पुसायची सोय नसते. "विद्यापीठात शिकवत नाहीत का हे?" शिकवतात, काका. हातांना अजून कळायचंय.

गेल्या सत्रात 'संग्रहालय म्हणजे काय' यावर आम्ही दोन आठवडे घालवले. आयकॉमने, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, 2022 मध्ये प्राग इथे नवी व्याख्या मंजूर केली, तिचा शब्दन् शब्द सोलून झाला. संशोधन, संग्रह, जतन, अर्थ लावणं, प्रदर्शन. मी त्यावर निबंध लिहून चांगले मार्कही मिळवले. आज त्यातल्या 'संग्रह' या एका शब्दात पूर्ण दिवस गेला आणि तीनच वस्तू झाल्या.

काम ऐकायला सोपं आहे. वस्तू मोजायची, फोटो काढायचे, अवस्था लिहायची, जुन्या नोंदवहीशी ताडून पाहायची. पण वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची कुठे हे ठरलेलं हवं, नाहीतर ती हातात धरून माणूस खांबासारखा उभा राहतो. (राहिले. काका हसले.) पितळाला नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) हातमोजे हवेतच, कारण घामातले क्षार धातू खातात आणि आजचा न दिसणारा ठसा काही वर्षांनी काळा होऊन वर येतो. कागदाला मात्र उलट, स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे. मोज्यात कागदाची कड बोटांना कळत नाही आणि पान फाटतं. सिनेमात जुनी पोथी पांढरे मोजे घालून उलटणारा माणूस दिसला की आता मला धस्स होतं.

मंगळवार

चौथी वस्तू. मुठीत मावेल एवढी पितळी डबी, वर भोकांचं झाकण. भोकं मोजली, एकोणीस. कडेने कोरीव वेलपत्ती आणि त्या खाचांत काळपट धूळ बसलेली. जुन्या नोंदवहीत सुंदर वळणदार अक्षरात लिहिलंय: 'मिठाची डबी?' कार्डावरही तेच, प्रश्नचिन्हासकट. संगणकावरच्या नोंदीत 'मिठाची डबी'. आणि कधीतरी ती प्रदर्शनात मांडली होती तेव्हाची पाटी फाइलमध्ये सापडली: 'जेवणाच्या टेबलावरील मिठाची डबी. श्रीमंत घरांतील खानपानाच्या शिष्टाचाराचा नमुना.'

प्रश्नचिन्ह गेलं, टेबल आलं, त्यामागून श्रीमंत घर आलं आणि शेवटी शिष्टाचारही येऊन बसला. वस्तू तेवढी होती तशीच.

फोटो नीट यावा म्हणून मऊ ब्रशने खाचांतली धूळ काढली. कागदावर चिमूटभर काळी पूड पडली, ती कचऱ्यात टाकली. डबी छान दिसायला लागली. स्वतःवर खूश होऊन बस पकडली.

बुधवार

फक्त लेक्चर. कायदे, सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठीचा 1970 चा युनेस्को करार, वस्तू कुठून आली याची कागदपत्रं. महत्त्वाचं आहे, झोपही आली.

गुरुवार, खूप उशिरा

झोप येत नाहीये म्हणून लिहून काढते.

माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी डबी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "झाकण खोलगट का आहे?"

मी दोन दिवस ती वस्तू मोजत होते. उंची, व्यास, वजन, भोकं, सगळं माझ्याकडे होतं. झाकण बशीसारखं आत दबलेलं आहे हे मी 'झाकण अंतर्वक्र' असं रिपोर्टात लिहिलंही होतं. पण का, हे मनात आलं नव्हतं.

मग त्यांनी मुख्य दिवा बंद करायला लावला आणि टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवी धरली. तिरपा उजेड पडला की सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर डोंगरदऱ्या उभ्या राहतात. भोकांच्या कडा वरच्या बाजूने झिजलेल्या दिसल्या. झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे माझा ब्रश पोचला नव्हता, काळसर काहीतरी चिकटलेलं होतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. काळ्यात मधूनच चमकणारे बारीक कण. वाळूसारखे.

टीपकागद सर्रास मिळायला लागण्याआधी ओली शाई सुकवायला कागदावर बारीक वाळू किंवा पूड भुरभुरवत. ती ठेवायच्या डबीला भोकांचं झाकण असे, आणि उरलेली वाळू कागद दुमडून परत झाकणावर ओतली की भोकांतून आत जाई. म्हणून झाकण खोलगट. मिठाचं म्हणाल तर ते पूर्वी उघड्या भांड्यात ठेवून चिमटीने किंवा चमच्याने घेत. दमट हवेत मिठाचे खडे होतात आणि भोकं बुजतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिठात काही मिसळायची पद्धत विसाव्या शतकात रुळली, तेव्हा कुठे भोकांची मीठदाणी घरोघर आली.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे ही वाळूची डबी!"

मॅडम म्हणाल्या, "खाचांतली धूळ कुठेय?"

ती काळी पूड. शाई असेल, वाळू असेल, साधी धूळही असेल. तपासून पाहता आलं असतं. कचऱ्याची पिशवी मंगळवारी संध्याकाळीच गेली होती.

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझा रिपोर्ट पुढे सरकवला. "लिही. तारीख, कसला ब्रश, कुठला भाग, काढलेली धूळ ठेवली नाही, कुणी केलं." मी लिहिलं. सही करताना हात थरथरला, हे आता स्वतःपुरतं कबूल करते. पन्नास वर्षांनी कुणी मुलगी हा कागद उघडेल आणि म्हणेल, ही कोण अतिउत्साही बाई.

निघताना त्या दारात थांबल्या. "काय दिसलं ते आधी लिहायचं. काय वाटलं ते खाली, वेगळ्या ओळीत. एकात एक मिसळू देऊ नकोस."

शनिवार

काल दिवसभर लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन कापडांच्या दालनात फिरले. मर्यादा 50 लक्स. एका कोपऱ्यात 150 निघाले, कुणीतरी दिवा फिरवून ठेवलेला. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, दिवा विझवला म्हणून रंग परत येत नाही. म्हणजे त्या कोपऱ्यातल्या शालीचं तीन वर्षांचं आयुष्य एका वर्षात खर्च होत होतं. प्रेक्षकांची तक्रार मात्र एकच: "फार अंधार आहे हो इथे."

बरोबरचे तिघे प्रदर्शनाच्या गटात आहेत. भिंतींचे रंग, पाट्या, उद्घाटनाची चर्चा. मलाही तेच हवं होतं, अर्ज करताना पहिली पसंती तीच लिहिली होती. भांडार मिळालं तेव्हा तोंड उतरलं होतं. पण ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणीही ऐंशी लाखांच्या संग्रहातल्या एका वेळी 80,000 च्या आसपास वस्तू दालनात असतात, जेमतेम एक टक्का. बाकीचं जग कपाटांत आणि नोंदींत. त्याच संग्रहालयातून सुमारे 2,000 वस्तू गहाळ झाल्याचं किंवा त्यांचं नुकसान झाल्याचं 2023 मध्ये बाहेर आलं, तेव्हा त्यातल्या कितीतरी वस्तूंची नीट नोंदच नव्हती. काय गेलं हे सांगायला आधी काय होतं ते लिहिलेलं लागतं.

आणि ब्राझीलमधलं रिओ. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री तिथलं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. त्यानंतर तिथल्याच एका विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लोकांना विनंती केली, कधी गेला असाल तर तुमचे फोटो पाठवा. आमच्याच वयाची पोरं, सहलीतल्या सेल्फींमागे दिसणारी कपाटं गोळा करत बसलेली. तो धडा वर्गात झाला तेव्हा कुणी बोललंच नाही.

रविवार

अभ्यास करायचा होता. त्याऐवजी ऊर या इराकमधल्या प्राचीन शहराबद्दल वाचत बसले. लिओनार्ड वूली या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाला तिथे 1920 च्या दशकात उत्खननात एका खोलीत वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकाच जमिनीवर सापडल्या आणि त्यांच्यात एक मातीचा नळकांड्यासारखा तुकडा. त्यावर कुणा लेखनिकाने आणखी जुन्या विटांवरचा मजकूर उतरवून घेतला होता आणि खाली नोंद केली होती: या विटा ऊरच्या पडक्या अवशेषांत सापडल्या, मी पाहिल्या आणि लिहून काढल्या. वूलीला ते संग्रहालय वाटलं आणि तो तुकडा म्हणजे जगातली सर्वांत जुनी पाटी. काही अभ्यासक म्हणतात, संग्रहालय कशावरून?

मला त्या वादापेक्षा लेखनिकच आवडला. विटा कुठे सापडल्या आणि आपण काय केलं, ते त्याने लिहिलं. श्रीमंत घर नाही, शिष्टाचार नाही.

सोमवार

नोंद दुरुस्त केली. जुनी ओळ खोडायची नसते. तिच्यावरून एकच बारीक रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी नवी नोंद, तारीख, आद्याक्षरं. नोंदवहीपुरती पेनला परवानगी, तीही न फिकटणाऱ्या शाईच्या, आणि डबी टेबलावरून आत गेल्यावरच. 'मिठाची डबी?' वरून रेघ ओढताना वाईट वाटलं. तो जो कोण कारकून होता, त्याने प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह दिलं होतं. मीही दिलं: 'वाळूची डबी (शाई सुकवण्यासाठी)?'

डबीवरचा क्रमांक पुसट झाला होता, तोही नव्याने घातला. तळाशी, दर्शनी बाजूला दिसणार नाही असा. आधी पॅरालॉइड बी-72 या कृत्रिम राळेचा पारदर्शक थर, तो वाळल्यावर त्यावर बारीक निबने आकडे, वर पुन्हा एक थर. उद्या कुणाला काढायचा झाला तर ॲसिटोनने सगळं निघून येतं आणि धातूला शाई लागलेलीच नसते. माझा 3 दोनदा 8 झाला. तिसऱ्यांदा जमला.

मग संगणक. 'वस्तूचे नाव' या रकान्यात नवं नाव टाइप केलं, सेव्ह दाबलं. लाल चौकट. पुन्हा केलं. पुन्हा लाल. काका खुर्ची सरकवत आले, चष्मा वर केला.

"ते प्रश्नचिन्ह काढ. त्याला चिन्हं चालत नाहीत. पहिल्यापासून तसंच आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे इथे गळलं ते. कुणी ठरवून पुसलं नव्हतं, कुणाला खात्रीही झाली नव्हती. कुणीतरी दिवसाला शंभर कार्डं भरत असेल, लाल चौकट आली असेल, आणि घरी जायची वेळ झाली असेल.

"अशा किती नोंदी असतील, काका?"

"मोज की. कार्डं तिथेच आहेत." आणि ते चहाला निघून गेले.

कार्डांचे एकूण चाळीस खण आहेत. पहिला उघडून पाहिला. पंधरा मिनिटांत चार प्रश्नचिन्हं.

शेवटी नावाच्या रकान्यात 'बहुधा वाळूची डबी' असं लिहिलं. त्याने मुकाट्याने घेतलं. फक्त आता यादीत ती 'ब' मध्ये गेलीय, बशी आणि बांगडीच्या शेजारी. मॅडमना उद्या सकाळी सांगावं लागणार.